बावीस कॅरेटच्या नख्या, आजीचं कुंदन आणि बिलातला खडा

वाचकांचे प्रश्न : अंगठीतली जडाई

या वेळी आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली आहे : खडा पडला. म्हणून सदराची बरीच जागा तिला दिली आहे. खड्याची पारख कशी करावी, तो कुणी कोणत्या बोटात घालावा, हे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. खडा अंगठीत बसतो कसा आणि सुटतो कसा, तेवढंच इथे पाहू.

प्रश्न : सासूबाईंनी दिलेलं सोनं आटवून चार वर्षांपूर्वी २२ कॅरेटची अंगठी करून घेतली. मध्ये एकच हिरा, साधारण ५ मिलिमीटरचा, चार नख्यांत धरलेला. गेल्या महिन्यात तो कुठे पडला कळलंच नाही. सराफ म्हणतात, ‘तुम्ही आपटली असेल.’ माझं म्हणणं, जडाईच कच्ची होती. खरं काय ते कळेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बऱ्याच अंशी कळेल, पण रिकामी अंगठी दुरुस्तीला देण्याआधीच. नवा खडा बसला की पुरावा गेला. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि चारही नख्या एकेक करून आतल्या बाजूने बघा. कारागीर यांनाच प्राँग म्हणतात.

प्रत्येक नखीच्या आतल्या अंगाला एक आडवी खाच दिसेल. हिरा जिथे सगळ्यात रुंद असतो त्या कडेला गर्डल म्हणतात; आपण तिला खड्याची कंबर म्हणू. ती कंबर या खाचेत बसते आणि नखीचं टोक वरून वळून तिच्यावर टेकतं. तेव्हा खड्याला टोकांपेक्षा खाचच जास्त धरून ठेवते. चांगला जडाईवाला आधी खडा घरात, म्हणजे अंगठीत खड्यासाठी केलेल्या जागेत, ठेवून कंबर कुठे येते याची खूण करतो, मग बारीक दातेरी चक्रीने चारही नख्यांत अगदी सारख्या उंचीवर खाच पाडतो. खाचेची खोली नखीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, फार तर निम्मी. मग खडा बसवून समोरासमोरच्या नख्या आळीपाळीने थोड्या थोड्या दाबतो. एक नखी पुरती दाबून मग दुसरीकडे वळलं की खडा तिरका होतो. शेवटी टोकं कापून, कानसून गोल करतो.

आता तुमच्या रिकाम्या नख्या वाचायच्या. एखादी नखी बरोबर खाचेपाशीच तुटली असेल, तर खाच जास्त खोल गेली होती असं समजायला हरकत नाही. तिथे एक मिलिमीटरच्या तारेचा जेमतेम पाव मिलिमीटर उरला असेल, तर तो रोजच्या वापरात तुटणारच. दोष जडाईचा. चारही नख्या शाबूत आहेत पण एक-दोन बाहेर फाकल्या आहेत, तर एखादा जोराचा धक्का बसला असेल किंवा नखी स्वेटरमध्ये, केसांत अडकून ओढली गेली असेल. तिसरी शक्यता, टोकं घासून चपटी आणि आखूड झालेली. ही झीज आहे. पण चार वर्षांत एवढी झीज झाली असेल तर त्याचं कारण हातापेक्षा धातूत शोधा.

आणि इथेच मूळ गोष्ट येते. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं, १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के. बाकीचं तांबं, चांदी वगैरे धातू त्याला कणखरपणा देतात. पाटल्या, बोरमाळ, मंगळसूत्राच्या वाट्या यांना २२ कॅरेट शोभतं. नख्यांना नाही. बारीक तारेची नखी २२ कॅरेटची केली तर ती वळते सहज, आणि जी सहज वळते ती सहज उलगडतेही. आपल्याकडे ‘अठरा कॅरेट म्हणजे फसवणूक’ ही समजूत इतकी घट्ट आहे की कारागिराने सुचवलं तरी गिऱ्हाईक ऐकत नाही, आणि गिऱ्हाईक जाईल या भीतीने सराफ मुकाट्याने २२ कॅरेटच्या नख्या करून देतात. तुमच्या सराफांनी ऑर्डर घेताना हे सांगायला हवं होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुढचा हिरा बसवताना दोन वाटा आहेत. अंगठी २२ कॅरेटचीच हवी असेल तर नख्या सोडून कोंदण करा, म्हणजे खड्याभोवती सलग भिंत. मऊ सोनं तिथे उलट फायद्याचं. ते खड्याच्या कडेवर अलगद बसतं. नाहीतर पूर्ण अंगठी १८ कॅरेटमध्ये, सहा नख्यांची. ५ मिलिमीटरच्या खड्याला ०.९ ते १ मिलिमीटर जाडीची नखी पुरते. चार नख्यांत एक गेली की खडा गेलाच, सहांत एक गेली तरी तुम्हाला सराफाकडे पोहोचेपर्यंत वेळ मिळतो. खालची पट्टी २२ ची आणि वरचं घर १८ चं, असाही मधला मार्ग काही जण सुचवतील. तो टिकाऊ असतो, पण अशा मिश्र दागिन्यावर हॉलमार्क कोणत्या शुद्धतेचा लागणार हे ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.

प्रश्न : खडा सैल झाला आहे हे पडण्याआधी घरच्या घरी ओळखता येतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : येतं, आणि दोन मिनिटांचं काम आहे. अंगठी आधी धुऊन कोरडी करा. साबणाचा साका कित्येकदा सैल खड्याला धरून ठेवतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. मग अंगठी कानाजवळ धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने पट्टीवर हलक्या टिचक्या मारा. बारीक खुळखुळ आली तर खडा हलतो आहे. त्यानंतर लाकडी टूथपिकच्या टोकाने खडा बाजूने हळूच ढकलून बघा, सुई किंवा पिन वापरू नका. तिसरी परीक्षा जुन्या नायलॉनच्या ओढणीची : अंगठी तिच्यावरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथलं टोक उचललेलं आहे. रोज वापरातल्या अंगठीची ही तपासणी दोन-तीन महिन्यांतून एकदा करावी. खुळखुळ ऐकू आली तर त्याच क्षणी अंगठी काढून छोट्या डबीत ठेवा. ‘रविवारी सराफाकडे जाऊ’ म्हणत बोटात ठेवलेल्या अंगठीतला खडा शनिवारपर्यंत टिकेल याची खात्री कुणी देऊ नये.

प्रश्न : घरात तीन कॅरेटचा चौकोनी पाचू आहे. अंगठी करायला दिली तर सोनार म्हणतात, ‘करून देतो, पण फुटला तर जबाबदारी माझी नाही.’ हे योग्य आहे का? आणि नख्या चांगल्या की कोंदण?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ऐकायला कठोर वाटतं, पण तुमचा सोनार प्रामाणिक आहे. पाचूची कठीणता मोह्ज मापावर (खनिजांची कठीणता मोजणारं एक ते दहाचं माप) साडेसात ते आठ, म्हणजे ओरखड्यांच्या बाबतीत वाईट नाही. अडचण वेगळी आहे. जवळजवळ प्रत्येक नैसर्गिक पाचूत आतून भेगा आणि अडकलेले परके कण असतात, आणि भेगा दिसू नयेत म्हणून बहुतेक पाचूंमध्ये तेल किंवा राळ भरलेली असते. अशा खड्यावर नखी दाबताना जोर नेमका एखाद्या भेगेच्या रेषेत पडला की टवका उडतो. कोपरे सगळ्यात नाजूक. चौकोनी पाचूचे कोपरे कापून त्याला अष्टकोनी करण्याची चाल मुख्यत्वे यासाठीच पडली.

तुमच्या खड्याचे कोपरे कापलेले आहेत का ते आधी बघा. कापलेले असतील तर त्या चार तिरप्या कडांवर चार रुंद नख्या चालतील. कोपरे टोकदार असतील तर इंग्रजी व्हीच्या आकाराच्या नख्या लागतात आणि त्यांच्या आत टोकाखाली केसभर मोकळी जागा ठेवावी लागते, म्हणजे नखीचा दाब टोकाच्या दोन्ही अंगांवर पडतो आणि खुद्द टोक मोकळं राहतं. ही केसभर जागा ठेवली नाही की खडा बसवतानाच तुटतो. मग सोनार म्हणतो खडा खराब होता आणि गिऱ्हाईक म्हणतं सोनार.

रोज वापरायची असेल तर आम्ही कोंदणच सुचवू, आणि तेही २२ कॅरेटचं. इथे मऊपणा हवाच. भिंतीची जाडी ०.४ ते ०.५ मिलिमीटर, आणि कंबरेच्या वर ती अर्ध्या मिलिमीटरइतकी आली की पुरते. त्याहून उंच केली तर वळवताना चुण्या पडतात आणि हिरवा रंगही झाकतो. भिंत हातदाबणीने वळवायला सांगा, यांत्रिक हातोडीने नाही. आणि सगळं डागकाम, म्हणजे आच देऊन सोनं जोडणं, खडा बसवण्यापूर्वी संपलेलं हवं. पाचूला फुंकणीची आच लागली की तेल जातं आणि भेगा डोळे उघडतात. पुढेही सराफाच्या दुकानातल्या अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा वाफेखाली ही अंगठी जाऊ देऊ नका. कोमट पाणी, पातळ साबण, मऊ ब्रश, एवढंच.

प्रश्न : सव्वापाच रत्तीचा पुष्कराज घ्यायला सांगितलं आहे आणि ‘खडा खालून बोटाला टेकला पाहिजे’ अशी अट आहे. दोन दुकानांत सव्वापाच रत्तीचे खडे दाखवले, त्यांत डोळ्यांना दिसेल इतका लहान-मोठेपणा होता. असं का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : कारण रत्ती दोन आहेत. सोनं तोलायची जुनी रत्ती म्हणजे तोळ्याचा ९६ वा भाग, सुमारे १२१.५ मिलिग्रॅम. रत्नांच्या बाजारात चालणारी रत्ती सुमारे १८२ मिलिग्रॅमची. सव्वापाच रत्ती पहिल्या हिशेबाने सुमारे ३.२ कॅरेट होतात, दुसऱ्या हिशेबाने ४.८ कॅरेट. भाव मात्र दोन्हीकडे ‘रत्तीला इतके’ असाच सांगतात. रत्नाचं कॅरेट (हे वजनाचं माप, सोन्याच्या शुद्धतेचं कॅरेट वेगळं) म्हणजे जगभर २०० मिलिग्रॅम, त्यात गडबड नाही. तेव्हा भावही कॅरेटमध्ये विचारा आणि बिलावरही कॅरेटच लिहून घ्या.

टेकण्याच्या अटीबद्दल : त्यामागच्या श्रद्धेवर आम्ही काही म्हणत नाही, पण जडाईच्या दृष्टीने खालून उघडी अंगठी करायला काहीच हरकत नाही. पारदर्शक खड्याला मागून उजेड मिळतो, मळ धुऊन निघतो. फक्त मोजमाप नीट हवं. खड्याचं खालचं टोक पट्टीच्या आतल्या पृष्ठभागाशी समतल किंवा अगदी किंचित पुढे असावं. ते एक-दीड मिलिमीटर बाहेर आलं तर बोटाला टोचतं, त्वचेवर घट्टा पडतो आणि अंगठी काढून ओट्यावर ठेवली की सगळा भार त्या टोकावर येऊन तिथेच टवका उडतो. खड्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजून मग घराची उंची ठरवायची असते. तयार साच्यातलं घर घेऊन त्यात खडा ‘बसवून दिला’ की हे हुकतं.

आणखी एक. पुष्कराज म्हणून आज ज्याला किंमत आहे तो पिवळा नीलम, माणकाच्याच कुळातला. कठीणता ९, जडाईला अत्यंत सोयीचा. पण जुन्या मराठी लिखाणात पुष्कराज हा शब्द टोपाझसाठीही आलेला दिसतो, आणि बाजारात टोपाझ व सिट्रिनही त्या नावाने फिरतात. टोपाझ एका पातळीत सरळ दुभंगतो. एक नेमका धक्का, आणि दोन तुकडे. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घेतलंत तर किमतीइतकीच जडाईलाही त्याची मदत होते : आपण काय धरतो आहोत हे कारागिराला कळतं.

प्रश्न : आजीची कुंदनाची अंगठी आहे. मधला खडा हल्ली काळपट दिसतो. पॉलिश करून घेतली तर उजळेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पॉलिशला मुळीच देऊ नका. खडा काळा झालेला नसून त्याच्या मागचा वर्ख काळा झाला आहे.

कुंदनात नख्या नसतात आणि खाचही नसते. पातळ सोन्याच्या पत्र्याचं पोकळ घर करतात आणि त्यात लाख भरतात. लाख गरम करून मऊ करायची, तिच्यावर चकचकीत वर्ख ठेवायचा, बहुधा चांदीचा, आणि त्यावर खडा. मग खडा आणि घर यांच्या फटीत अगदी शुद्ध, जवळजवळ २४ कॅरेट सोन्याच्या पातळ पट्ट्यांच्या घड्या पोलादी हत्याराने दाबत जायचं. त्या शुद्धतेचं सोनं नुसत्या दाबाने, आच न देता, स्वतःशीच सांधलं जातं. दाबून दाबून कडा घोटली की ते एकसंध होतं. या शुद्ध सोन्यालाच कुंदन म्हणतात. नाव पुढे सगळ्या प्रकाराला पडलं. जयपूरच्या कामात मागच्या बाजूला मीनाकारीही असते.

यात पाणी हा पहिला शत्रू. कणीक मळताना, भांडी घासताना, देवघरात अभिषेक करताना थेंब फटीतून आत जातो, बाहेर यायला वाट नसते आणि चांदीचा वर्ख काळा पडतो. दुसरा शत्रू उष्णता. लाख पाणी उकळण्याच्या बरीच आधी मऊ पडते. गरम पाण्यात बुडवली, वाफ दिली किंवा कुणी पट्टी वाढवायला फुंकणी लावली, की खडे आत धसतात किंवा वर उचलले जातात.

दुरुस्ती होते, पण ती जडाव काम करणाऱ्याचीच. तो कडेचं सोनं उकलतो, खडा काढतो, वर्ख बदलतो आणि पुन्हा सोनं भरतो. देण्याआधी एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा : जुन्या कामात फिक्या किंवा बिनरंगी खड्यामागे रंगीत वर्ख घालून त्याला रंग आणलेला असे. खडा बाहेर काढल्यावर ‘आजीचं माणिक’ पांढुरकं निघालं तर कारागिरावर संशय घेऊ नका. जमलं तर समोर बसून उघडून घ्या. तोवर अंगठी कोरड्या मऊ कापडाने पुसा, अत्तर आणि सॅनिटायझरपासून लांब ठेवा आणि एरवी सुती कापडात गुंडाळून डबीत.

प्रश्न : बारीक हिऱ्यांची नाजूक अंगठी घेतली. वर्षात तीनदा एकेक हिरा पडला. दुकान दर वेळी फुकट बसवून देतं, पण कारण सांगत नाही.
— एक वाचक, पणजी

उत्तर : फुकट बसवून देणं हे औषध नाही, मलमपट्टी आहे. अशा अंगठीत हिरे साधारण १ ते १.३ मिलिमीटरचे असतात; १.३ मिलिमीटरचा हिरा जेमतेम ०.०१ कॅरेटचा. पावे जडाईत पट्टीत भोकं पाडून, शेजारचंच सोनं कोरणीने उचलून त्याचे दाणे करतात आणि ते हिऱ्याच्या कडेवर घोटतात. एकेक दाणा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. हिरे फार दाटीने बसवले की दाणे उचलायला सोनंच उरत नाही.

तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय पट्टीवर आहे. अंगठी सपाट काचेवर ठेवून वरून बघा, गोल आहे की लंबगोल झाली आहे? पट्टी दीड मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर पिशवी उचलताना, बसमध्ये दांडा धरताना ती वाकते. वाकली की भोकं ताणली जातात आणि एकामागून एक हिरे सुटतात. दोन भिंतींमध्ये ओळीने हिरे धरणाऱ्या चॅनल जडाईतही हेच होतं, फक्त तिथे एक सुटला की शेजारचे दोनही हलू लागतात.

दुसरा संशय : हिरे मेणाच्या साच्यातच बसवून त्यावर सोनं ओतलेलं असू शकतं. याला वॅक्स सेटिंग म्हणतात. हिरा, माणिक, अमेरिकन डायमंड ही आच सोसतात, म्हणून स्वस्त आणि झटपट उत्पादनात ही रीत चालते. पण तिथे हाताने कापलेली खाच नसते, आणि पडलेल्या हिऱ्याच्या जागी दुसरा बसवताना दाबायला पुरेसा धातू सापडत नाही. दुकानाला थेट विचारा, जडाई हाताची की मेणातली? आणि चौथ्यांदा नुसता हिरा बसवून घेण्याऐवजी पट्टी जाड करून किंवा अंगठीच बदलून मागा.

प्रश्न : जुनी खड्याची अंगठी घट्ट होते. दोन नंबर वाढवता येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्याकडच्या मापात एक नंबर म्हणजे आतल्या घेरात सुमारे १ मिलिमीटर, १२ नंबरची अंगठी साधारण ५२ मिलिमीटर घेराची. दोन नंबर वाढवणं म्हणजे पट्टी मागून कापून सुमारे २ मिलिमीटरचा तुकडा डागायचा. साध्या पट्टीला सहज चालतं. पूर्ण गोलाला खडे असतील तर चालत नाही, कापायला जागाच नसते.

धोका डागाच्या आचेचा. पाचू, मोती, पोवळं, ओपल, फिरोजा, टोपाझ असेल तर खडा आधी काढायलाच हवा, किंवा लेझर वेल्डिंग करणारं दुकान गाठायला हवं. हिरा बहुधा जागेवर ठेवून डागतात, पण त्यावर बोरिक अ‍ॅसिडचा लेप हवा, नाहीतर पृष्ठभाग दुधाळ होतो. माणिक असेल तर जास्तच जपा : बाजारातल्या बऱ्याच स्वस्त माणकांत शिसेयुक्त काच भरलेली असते. आचेने ती वितळते, डागानंतरच्या आम्लात ती झिजते, लिंबाच्या रसानेसुद्धा तिच्यावर परिणाम होतो. खडा काचभरला आहे हे माहीत असेल तर लपवू नका. त्यात नुकसान तुमचंच.

आणि वाढवून आणल्यावर खडा पुन्हा तपासून घ्या. पट्टीची गोलाई बदलली की घराचा तळ ताणला जातो आणि नख्या किंचित हलतात. माप संध्याकाळी द्या, सकाळच्या गारव्यात बोट बारीक असतं. पट्टी ६ मिलिमीटरहून रुंद असेल तर अर्धा ते एक नंबर मोठं.

प्रश्न : अमेरिकन डायमंडची अंगठी आहे. त्यातला खडा काढून तेवढ्याच कॅरेटचा खरा हिरा बसेल ना?
— एक वाचक, दुबई

उत्तर : नाही बसणार. घर मिलिमीटर ओळखतं, कॅरेट ओळखत नाही. हिऱ्याची घनता ३.५२, अमेरिकन डायमंडची साडेपाच ते सहा, माणिक-नीलमची ४, पाचूची सुमारे २.७. साडेसहा मिलिमीटरचा गोल हिरा १ कॅरेटच्या आसपास. त्याच मापाचा अमेरिकन डायमंड दीडपेक्षा जास्त भरतो आणि पाचू पाऊण. तुमचा जुना खडा दीड कॅरेटचा असेल तर दीड कॅरेटचा हिरा त्या घरात मावणारच नाही. व्यास, आणि कंबरेखालची खोली, दोन्ही मोजून घ्या. शिवाय जुन्या नख्यांत खाच आधीच पडलेली आहे. कंबरेची जाडी वेगळी असेल तर ती पुन्हा कापावी लागेल आणि नखी आणखी बारीक होईल. महागाचा हिरा आणि मिळालं म्हणून जुनं घर, ही काटकसर आम्हाला पटत नाही. नवं घर करा.

प्रश्न : मोत्याची अंगठी. मोती निखळला. घरच्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवला तर चालेल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको. मोत्याला अर्ध्यापेक्षा थोडं जास्त खोल भोक असतं आणि तो घरातल्या खिळ्यावर बसतो. झटपट गोंद ठिसूळ असतो, मोत्याभोवती पांढरी बुरशीसारखी साय धरतो, आणि पुढे काढताना मोत्याचा थर उचलला जातो. सराफाकडे दोन नळ्यांचा इपॉक्सी असतो. जुना गोंद भोकातून पूर्ण काढून, खिळ्याला खरबरीत करून, तो लावतात आणि २४ तास हात लावत नाहीत. मोती गुळगुळीत खिळ्यावर पुन्हा पुन्हा निखळत असेल तर पीळदार खिळा करून मागा.

प्रश्न : अंगठीचं वजन ५.८६ ग्रॅम आणि सोन्याचा भावही ५.८६ ग्रॅमचा लावला. खड्याचे पैसे वेगळे. बरोबर आहे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चूक आहे. तुम्ही पाठवलेल्या बिलावर खड्यांचं वजन १.८० कॅरेट लिहिलेलं आहे. १.८० गुणिले ०.२, म्हणजे ०.३६ ग्रॅम. निव्वळ सोनं ५.५० ग्रॅम. ०.३६ ग्रॅमचे पैसे तुम्ही दोनदा दिले, एकदा खडा म्हणून आणि एकदा सोनं म्हणून. शिवाय घडणावळ टक्केवारीने असेल तर तीही त्यावर चढली. बिल घेऊन जा आणि हीच वजाबाकी समोर मांडा.

हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून शुद्धता पडताळता येते, पण तो शिक्का फक्त धातूबद्दल बोलतो, खड्याबद्दल काहीच नाही. कुंदन, पोलकी आणि जडाव हे दागिने सक्तीच्या हॉलमार्किंगमधून वगळलेले आहेत. त्यांत लाखेचंही वजन असतं, म्हणून तिथे निव्वळ सोनं किती हे लेखी घेणं आणखी गरजेचं.

प्रश्न : स्वतःचा खडा जडाईला देताना तो बदलला जाऊ नये म्हणून काय करावं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : समोर वजन करून घ्या, कॅरेटमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत. लांबी, रुंदी, खोली मिलिमीटरमध्ये. भिंगातून दिसणारी एखादी खूण, काळा ठिपका, पिसासारखी रेघ, कोपऱ्यावरचा जुना टवका, पावतीवर शब्दांत लिहून घ्या आणि भिंगाला मोबाइल लावून फोटो काढा. पावतीवर ‘खडा ग्राहकाचा’ असं असावं आणि जडताना फुटला तर काय, हेही एका ओळीत. परत घेताना सुटा खडा तोलता येणार नाही, पण ती खूण तोलावी लागत नाही. भिंगातून आधी ती शोधा, मग पैसे द्या.